घातलेले बरे

३ जुलै

बाई,

'ताई' लिही, असं आई म्हणते. पण लहानपणी मागच्या पायरीवर बसवून फूटपट्टीने हात शेकायचीस तेव्हापासून तू बाईच. शिवाय वयाने मोठी आहेस ती जेमतेम एका हिवाळ्याने, तेवढ्यावर ताईपण मिळत नसतं.

कामाचं आधी. मी बाहेरून परीक्षेला बसतोय. बाकी विषय मागच्या खेपेला सुटले, रसायन तेवढं मानगुटीवर बसलंय. बाबांशी बोलणं झालंय : हे सुटलं तर कारखाना सोडायचा आणि पुढच्या वर्षी तुझ्या कॉलेजात यायचं. नाही सुटलं तर मालक मला कायम करणार. कायम म्हणजे कायम, मिस्त्रीसारखा, दात पडेपर्यंत.

आमच्याकडे न्हाणीघरांच्या खिडक्यांच्या आणि दवाखान्यांच्या दारांच्या काचा येतात. आरपार येतात, धूसर होऊन जातात. नक्षीची जागा मेणाने झाकायची, काच आम्लाच्या टाकीत बुडवायची, काढून धुवायची. हे आम्ल काचेच्या बाटलीत राहत नाही, बाटलीच खातं. त्याला प्लॅस्टिकचा वेगळा कॅन लागतो, बसायला वेगळा कोपरा लागतो, जवळ जाताना कोपरापर्यंत मोजे घालावे लागतात. म्हणून मिस्त्री त्याला जावई म्हणतो. 'जावयाला हात लावण्याआधी तयारी करा रे.'

तर दिवसभर आम्लात असूनही माझं आम्लांचंच प्रकरण अडलंय. पुस्तकात तीव्र, सौम्य, संहत, विरल असे चार शब्द आहेत आणि मला चारही सारखेच दिसतात. समजावून सांग. फूटपट्टी आणू नकोस.

तुझा,
ठोंब्या


११ जुलै

प्रिय ठोंब्या,

वसतिगृहात माझ्या नावाचं पत्र आलं म्हणून खोलीतल्या दोघी केवढ्या खूश झाल्या होत्या. उघडलं तर मामेभावाचं, आणि आत आम्लं. दोघींची तोंडं बघायला हवी होतीस.

आता ऐक. संहत आणि विरल म्हणजे पाण्यात आम्ल किती. वर्गात पोरं किती, तसं. तीव्र आणि सौम्य म्हणजे आम्ल कसं. पोरं कशी, तसं. आम्लाकडे हायड्रोजन असतो. पाण्यात पडल्या पडल्या जे तो सगळाच्या सगळा सोडून देतं ते तीव्र. जे हात आखडता घेतं, थोडा सोडतं आणि बाकीचा धरून ठेवतं, ते सौम्य. तुझ्या भाषेत, उधळ्या आणि चिक्कू. म्हणजे चिक्कू पोरांनी वर्ग गच्च भरलेलाही असू शकतो आणि दोन-चार उधळ्यांचा जवळपास रिकामाही.

तीव्र आम्लं अगदी थोडी आहेत : हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक. एवढी तोंडपाठ कर. यादीत नसलेलं कोणतंही आलं की डोळे मिटून 'सौम्य' लिही.

आता तू मला मदत कर. मोल म्हणजे काय हे मला कळलेलं नाही. इथे कोणाला सांगायचीही सोय नाही, कारण पहिल्या चाचणीत मी वर्गात पहिली आले आणि आता सगळ्या माझ्याकडे शंका विचारायला येतात. व्याख्या घडाघडा म्हणते, पण आत काही नाही. हे कोणाला सांगू नकोस.

तुझी,
बाई


२० जुलै

बाई,

उधळ्या आणि चिक्कू डोक्यात बसले. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचलं, मिस्त्रीलाही आवडलं. मोलचा भाग गाळला, घाबरू नकोस.

आता मोल. आरसे बसवायचे स्क्रू आमच्याकडे कोणी मोजत बसत नाही. शंभर स्क्रूंचं वजन एकदा करून ठेवलंय. तेवढं वजन भरलं की शंभर झाले, पुडा बांधायचा. मोठ्या स्क्रूंचा पुडा जड, बारक्यांचा हलका, पण दोन्हीत शंभरच. अणू मोजता येत नाहीत, वजन करता येतं. कार्बनचा पुडा बारा ग्रॅमचा, ऑक्सिजनचा सोळाचा, आत नग तेवढेच. मोल म्हणजे पुडा. एवढंच आहे ते. तू त्याला उगाच देवघरात बसवलंस.

एक शंका. आमच्या जावयाचं नाव कॅनवर हायड्रोफ्लोरिक आहे. तुझ्या यादीत हायड्रोक्लोरिक आहे, ब्रोमिक आहे, आयोडिक आहे, मग हा फ्लोरिक कुठे गेला? पाठ म्हणताना प्रत्येक वेळी तिथेच अडखळतो. मिस्त्री म्हणतो, यादी करणारा विसरला असेल.

तुझा,
ठोंब्या


२९ जुलै

प्रिय ठोंब्या,

पुड्याने जीव वाचवला. काल वर्गात आमच्या रसायनाच्या बाईंनी मोलवर प्रश्न विचारला आणि मी चक्क समजून उत्तर दिलं. स्क्रू मात्र सांगितले नाहीत.

यादी करणारा विसरलेला नाही, हे मिस्त्रींना नम्रपणे कळव. उलट परीक्षेत हमखास विचारतात तो हाच प्रश्न. चौघं एकाच घरातले, तिघं तीव्र आणि हा एकटा सौम्य. फ्लोरिन हायड्रोजनला इतकं घट्ट धरतो की पाण्यातही सहजासहजी सोडत नाही. म्हणजे तुमचा जावई दिसायलाच जावई, स्वभावाने अगदी गरीब गाय. एवढी वर्षं तुम्ही लोक उगाच त्याचा मान राखत बसलात. सांग मिस्त्रींना.

पुढचं प्रकरण आयनीभवनाचं आहे. गणितं सोडवून पाठव, मी तपासते.

तुझी,
बाई


९ ऑगस्ट

बाई,

तू कारखान्यात गाजलीस. गरीब गायीचा भाग वाचला तेव्हा मिस्त्रीला हसू आवरेना. आधी म्हणाला, 'पुस्तकवाल्यांना काय कळतंय?' मग म्हणाला, 'कॉलेजात पहिली येते म्हणतोस, म्हणजे खरं असणार.' मालक आत हिशेब करत होता, तोही बाहेर आला. मला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कॅनवर रंगाने लिहून घेतलंय : सौम्य आम्ल.

तुला माहीत नाही, पण त्या मोज्यांचा आम्हाला किती जाच होता. जाडजूड, आतून घामट, आणि ओली काच त्यातून सटकते. काच फुटली की मालक दिवसभर तोंड सोडतो. आता मोजे नाहीत तर काचा फुटत नाहीत, मालकाचं तोंड बंद. मला सगळे 'रसायनवाले' म्हणतात. टाकीत फक्त बोटंच जातात, आणि लगेच धुतो आम्ही.

गणितं सोबत आहेत. अक्षर जरा वाकडं आलंय, कारण संध्याकाळी बोटांची टोकं आतून ठणकतात. वर काहीच दिसत नाही, ना फोड, ना लाली. दिवसभर पाण्यात असतात म्हणून असेल. मिस्त्रीचंही तसंच होतंय, तो म्हणतो वय झालं. माझं कशाने झालं मग, असं विचारलं तर म्हणतो, अभ्यासाने.

तुझा,
ठोंब्या


१९ ऑगस्ट

प्रिय ठोंब्या,

गणितं बरोबर आहेत, तिसऱ्यात फक्त दशांश चिन्ह पुढे सरकलंय. या वेगाने तू पास होणार, यात मला शंका नाही. मामांना सांग, ट्रंक काढून ठेवा.

इथे धावपळ चाललीये. वर्गातल्या प्रत्येकीला माझ्या वह्या हव्या असतात. प्रयोगशाळेत परवा एकीने जळती काडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि सगळा धूर. बाईंनी त्यावर तासभर ऐकवलं. पुढच्या महिन्यात सहामाही आहे, झोपेचं खोबरं.

आणि हो, तुमच्या त्या आम्लाबद्दल. सौम्य म्हणजे अगदीच पाणी असं नव्हे बरं का. मोजे घातलेले बरे. मिस्त्रींनाही सांग.

सोबत सामूची, म्हणजे पीएचची, गणितं पाठवते आहे. त्यात आकडेमोड कमी आणि विचार जास्त आहे, घाई करू नकोस.

तुझी,
बाई


३० ऑगस्ट

बाई,

पत्र नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं आणि त्यावर सभा भरली. 'मोजे घातलेले बरे' म्हणजे काय? मिस्त्री म्हणतो, बरे म्हणजे चांगले, घालू या. मालक म्हणतो, 'बरे' म्हणजे ज्याला वाटेल त्याने घालावे, थंडीत टोपी घातलेली बरी तसं. घालायलाच हवेत असतं तर शिकलेल्या मुलीने तसं लिहिलं नसतं का? मालकाने मोजे गोदामात टाकून कुलूप लावलंय. म्हणतो, तुझ्या बहिणीने स्पष्ट लिहिलं तर काढतो, माझी काही हरकत नाही.

तर स्पष्ट लिही. घातलेले बरे, की घातलेच पाहिजेत? मला एका ओळीचं उत्तर पुरे, गणितं नंतर पाठव. मिस्त्रीची दोन नखं काळी पडलीत आणि तो ती खिशात लपवतो. माझी बोटं आता सकाळीही ठणकतात. मी काही सांगितलं तर हसण्यावारी नेतात, पण तुझं ऐकतील. तुझं पत्र म्हटलं की मालकसुद्धा चहा खाली ठेवतो.

सामू जमला. तो तुझ्या उधळ्या-चिक्कूचाच पुढचा भाग आहे, नाही का?

तुझा,
ठोंब्या


१७ सप्टेंबर

बाई,

माझं पत्र पोचलं नाही की सहामाही आहे? सहामाही असेल तर आधी ती दे. पण एक ओळ टाक.

कारखान्यात मोठी टाकी आली आहे. कॅन उचलून तिच्यात ओतायचं काम आता माझ्याकडे आहे, मिस्त्रीच्या हातात जोर राहिला नाही. रसायनवाला म्हणून मान माझा. परीक्षेची तारीख लागली. बाबांनी खरंच ट्रंक काढून पुसून ठेवली आहे.

तुझा,
ठोंब्या


६ ऑक्टोबर

चि. भाचीला मामाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे जसे असायचे तसे आहोत. तू आली नाहीस. परीक्षा चालू आहे असं तुझ्या आईने सांगितलं. ठीक आहे, आली असतीस तरी तो काही दिसणार नव्हता.

तुझ्या आईला सगळं नीट सांगता आलं नसेल, म्हणून मी लिहितो. त्या दिवशी सकाळी टाकीत ओतताना कॅन त्याच्या हातातून सुटला. बोटांत जोर नव्हता असं मिस्त्री म्हणतो. सगळं मांडीवर आलं. विजार भिजली तेवढंच. भाजलं नाही, ओरडला नाही. मालक म्हणाला वाळेल. जेवणाच्या सुट्टीत घरी आला तो भिंतीला धरून. मांडी पांढरट दिसत होती, बाकी काही नाही. मामी म्हणाली, दवाखान्यात नेऊ या. मी विचारलं, नेऊ का रे? तर म्हणाला, 'बाबा, ते सौम्य आहे. बाईचं पत्र आहे ना. मोजेही ती नुसते घातलेले बरे म्हणाली.' मग मी कामावर गेलो. परत आलो तर हातापायांना पेटके येत होते. रिक्षा मिळेपर्यंत बोलत होता, दवाखान्याच्या दारात बोलायचा थांबला. डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं आहे.

मालक भेटायला आला होता. म्हणाला, मुलगा आधीपासूनच कमजोर असणार, आम्लाचा दोष नाही, त्याच्यावर लिहिलेलंच आहे सौम्य म्हणून. वाईट माणूस नाही. पोराची जागा आमच्या धाकट्या मुलीला देतो म्हणाला. धाकटीची शाळा संपली आहे आणि घरी बसून ती नुसती ट्रंकेकडे बघत असते, त्यापेक्षा जाईल तर बरं.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, ते सौम्यच आहे ना? तू हो म्हणालीस की तिला पाठवतो. आमच्यात कळणारी तू एकटीच.

दुसरं मामीसाठी. तिने डोक्यात घेतलं आहे की दुपारी नेलं असतं तर तो वाचला असता. जेवत नाही. माझं ऐकत नाही. तू तिला लिही की तसं काही नसतं. तुझ्या शब्दाने तिला पटेल.

मामा


१२ ऑक्टोबर

मामा,

धाकटीला कारखान्यात पाठवू नका. आज नाही, कधीच नाही. हे वाक्य आधी तिला वाचून दाखवा आणि मग पुढचं वाचा.

ते आम्ल विषारी आहे. मोजे घातलेच पाहिजेत. मिस्त्रींना आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरांना आम्लाचं नाव सांगा, हायड्रोफ्लोरिक, आणि बोटं दाखवा. कॅनवर लिहिलेलं पुसायला लावा. मालक नाही म्हणाले तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवा. माझं पत्र ते ऐकतात.

सौम्य हा शब्द पुस्तकात चुकीचा नाही. ते आम्ल हायड्रोजन सहजासहजी सोडत नाही, एवढाच त्याचा तिथे अर्थ आहे. मी तो घरातल्यासारखा वापरला, सौम्य म्हणजे गरीब. ते काही सोडत नाही म्हणूनच अख्खंच्या अख्खं कातडीतून आत जातं. वर भाजल्याची खूण नसते आणि आत हाडापर्यंत पोचलेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम ते खाऊन टाकतं आणि मग हृदय थांबतं. त्याचं हृदय कमजोर नव्हतं.

हे मला आता कळलेलं नाही. ऑगस्टमध्येच कळलं होतं. बोटं ठणकतात असं त्याने लिहिलं, तेव्हा मी आमच्या बाईंना विचारलं. त्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, कोण आहे तो, त्याला लगेच कळव. मी खोलीवर आले आणि पत्र लिहायला बसले. ते पत्र कारखान्यात सगळ्यांसमोर वाचलं जाणार होतं. मिस्त्री हसतील, पहिली येणारी मुलगी चुकली म्हणतील, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. म्हणून वर परीक्षेचं लिहिलं, खाली गणितं लिहिली आणि मध्ये लिहिलं, मोजे घातलेले बरे.

त्याला ते खटकलं. त्याने मला सरळ विचारलं, बरे की पाहिजेत? एक ओळ मागितली होती. दोनदा मागितली. त्याची दोन्ही पत्रं मला वेळेवर मिळाली. पाहिजेत लिहिलं तर आधी का नाही लिहिलंस असं तो विचारणार, म्हणून आज लिहू, उद्या लिहू करत राहिले. परीक्षा सप्टेंबरातच संपली होती. आईला मी खोटं सांगितलं.

मामींसाठी तुम्ही जे लिहायला सांगितलं ते मी लिहू शकत नाही. दुपारी नेलं असतं तर कदाचित तो वाचला असता. त्यावर औषध आहे. पण न्यायचं की नाही हे ठरवायला तुमच्याकडे माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं. त्यांना सांगा, तुमच्या हातून काही राहिलं नाही. त्या बरोबर म्हणत होत्या. त्या कॉलेजात गेल्या नाहीत, पण त्यांचं ऐकायला हवं होतं, माझं नाही.

मी रविवारी येते. तुम्ही काय म्हणाल ते ऐकून घेईन.

तुमची भाची


२० ऑक्टोबर

पत्र मिळालं. पहिलं वाक्य धाकटीला वाचून दाखवलं, पुढचं तिनेच मोठ्याने वाचलं.

तिला पाठवणार नाही. मिस्त्रीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो होतो, त्याची दोन बोटं काढावी लागली, बाकीची राहतील. मालकाने आधी ऐकलं नाही, मग दवाखान्यातून तपासणीला माणूस आला तेव्हा गोदाम उघडून मोजे काढले.

मामीला पत्र पूर्ण वाचून दाखवलं. तिने परत एकदा वाचायला सांगितलं. त्या दिवशी तिने चार घास खाल्ले.

रविवारी येते म्हणालीस. मी स्टेशनावर जाऊन आलो, तू नव्हतीस. तेच ठीक झालं. समोर उभी राहिलीस तर तुला काय म्हणायचं हे मला वाटेत सुचलं नाही.

तू येऊ नकोस.

मामा